एक टिचकी की दोन? : एका क्षुल्लक सवयीचा साठ वर्षांचा इतिहास

#थ्रेड

संगणकाच्या पडद्यावरील फोल्डर उघडायचा असेल तर आपण माउसचे बटण दोनदा दाबतो. त्याच पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवरचे चिन्ह मात्र एकदाच दाबतो. संकेतस्थळावरील दुवाही एकदाच. खिडकीच्या वरच्या पट्टीवर दोनदा दाबले तर खिडकी पडदाभर पसरते, आणि कोपऱ्यातील फुलीवर एकदा दाबले की ती मिटते. हे कोष्टक आपल्याला कोणी बसवून शिकवले नाही. ते अंगवळणी पडले.

जुन्या वाड्याची भिंत पाहा. तळाशी घडीव दगड, त्यावर वीट, मध्येच कोणीतरी ओढलेला सिमेंटचा गिलावा. एकाच भिंतीत तीन काळ नांदत असतात. संगणकाच्या पडद्याचेही तसेच आहे. दोनदा दाबायच्या जागा एका काळाच्या आहेत, एकदा दाबायच्या दुसऱ्या. आजच्या धाग्यात या थरांचा माग काढू. धागा लांब आहे, तेव्हा सावकाश वाचावा.

आधी शब्दाविषयी थोडे. मराठी संकेतस्थळांवर ‘क्लिक’साठी ‘टिचकी’ हा शब्द बऱ्यापैकी रुळला आहे. ‘येथे टिचकी मारा’ हे आपण सर्वांनी वाचले असेल. टिचकी खरे तर बोट बाहेर झटकून मारतात. गोटीला मारतात, कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात. माउसचे बटण आपण खाली दाबतो. म्हणजे शब्द क्रियेचे वर्णन म्हणून थोडा चुकतो, पण त्यातला अल्पकाळाचा, हलकेपणाचा भाव अचूक आहे. या लेखात मी दोन्ही शब्द वापरणार आहे.

आता मूळ कथा. ९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्को येथील संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दाखवले. माउस तेथे प्रथमच जाहीरपणे लोकांसमोर आला. बिल इंग्लिश यांनी घडवलेला पहिला नमुना १९६४ सालचा. तो लाकडी होता आणि त्याला एकच बटण होते. १९६८ च्या प्रात्यक्षिकातील माउसला तीन बटणे होती. एंगलबार्ट यांच्या दुसऱ्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक निराळाच कळफलक होता. पेटीवर सूर धरावेत तशा त्याच्या पट्ट्या एकत्र दाबून आज्ञा द्यायच्या.

त्या व्यवस्थेत आज्ञेचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी क्रिया सांगायची, मग वस्तू दाखवायची. ‘खोड’ असे आधी म्हणायचे, ‘शब्द’ असे पुढे म्हणायचे, आणि मग माउसने तो शब्द दाखवायचा. म्हणजे क्रियापद आधी, नाम नंतर. इंग्रजी आज्ञार्थाची रचना अशीच असते. एंगलबार्ट यांना नवशिक्यांची फारशी फिकीर नव्हती. सायकल शिकायला कष्ट पडतात म्हणून कोणी जन्मभर तिचाकी चालवत नाही, असा त्यांचा एकंदर दृष्टिकोन होता. कष्टाने शिकलेल्या माणसाची बुद्धी यंत्राच्या साहाय्याने किती वाढेल, हा त्यांचा प्रश्न होता. दुहेरी टिचकी त्यांच्या जगात जन्मणे शक्य नव्हते, कारण तिची गरजच नव्हती.

गरज निर्माण झाली ती झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, म्हणजे ‘पार्क’मध्ये. १९७० साली स्थापन झालेल्या या केंद्राने १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार केला. त्याच्या माउसलाही तीन बटणे होती. अ‍ॅलन के यांच्या गटाच्या ‘स्मॉलटॉक’ प्रणालीत या बटणांना लाल, पिवळे आणि निळे अशी नावे होती : लाल बटण निवडण्यासाठी, पिवळे मजकुराच्या मेनूसाठी, निळे खिडकीच्या मेनूसाठी.

आल्टोवर ‘ब्राव्हो’ नावाचा मजकूर-संपादक होता. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोन्यी यांनी तो घडवला. पडद्यावर दिसते तसेच कागदावर उमटावे, हे त्याने साधले. ही मोठीच गोष्ट होती. पण ब्राव्होमध्ये ‘अवस्था’ होत्या. आज्ञेच्या अवस्थेत असाल तर प्रत्येक अक्षर ही एक आज्ञा. लेखनाच्या अवस्थेत असाल तर तेच अक्षर म्हणजे मजकूर. यावरून एक किस्सा संगणकाच्या इतिहासात अजरामर झाला आहे. वापरणारा आज्ञेच्या अवस्थेत आहे, पण त्याच्या ते ध्यानात नाही, आणि तो ‘एडिट’ हा शब्द इंग्रजीत टंकतो. ‘ई’ म्हणजे सगळा मजकूर निवड. ‘डी’ म्हणजे खोड. ‘आय’ म्हणजे आता पुढचे लिहून घे. आणि मग उरलेला ‘टी’. संपूर्ण दस्तऐवज नाहीसा होऊन त्याच्या जागी एकटे ‘टी’ हे अक्षर उरते.

हे ज्यांना मनापासून खटकले त्यांच्यात लॅरी टेस्लर अग्रभागी होते. अवस्था नकोत, हा त्यांचा ध्यास इतका की ‘नो मोड्स’ अशी अक्षरे त्यांच्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवर होती. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ‘कट-कॉपी-पेस्टचे जनक’ म्हणून जगभर त्यांचे स्मरण झाले. पण मला त्यांच्या या हट्टाचे मोल अधिक वाटते. यंत्र कोणत्या मनःस्थितीत आहे हे माणसाने लक्षात ठेवायचे, की माणसाच्या हाताला जे सुचेल ते यंत्राने निमूट समजून घ्यायचे, हा तो वाद होता.

झेरॉक्सच्या मालकीची ‘जिन अँड कंपनी’ नावाची पाठ्यपुस्तके काढणारी प्रकाशनसंस्था बॉस्टनजवळ लेक्सिंग्टन येथे होती. तिच्या संपादकांसाठी संगणकीय साधन हवे होते. संस्थेच्या वतीने आलेले टिम मॉट आणि पार्कमधील टेस्लर या दोघांनी १९७४–७५ मध्ये ‘जिप्सी’ हा संपादक रचला. मॉट हे संपादकांच्या शेजारी बसून त्यांचे काम न्याहाळत. संपादक कात्रीने परिच्छेद कापत, डिंकाने दुसरीकडे चिकटवत, समासात खुणा करत. मॉट त्यांना कोऱ्या पडद्यासमोर बसवून विचारत : येथे तुमचे हस्तलिखित आहे असे समजा, आता हा शब्द बदलायचा तर हात कोठे जाईल? दस्तऐवजांच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे. आजच्या संगणकाच्या देहबोलीचा एक अंश पाठ्यपुस्तकांच्या संपादकांच्या हातांवरून उचललेला आहे.

जिप्सीत क्रम उलटला. आधी नाम, मग क्रियापद. आधी मजकूर निवडा, मग त्याचे काय करायचे ते सांगा. एकदा टिचकी मारली की अक्षरांच्या मध्ये कर्सर उभा राहतो. बटण दाबून माउस ओढला की तेवढा मजकूर निवडला जातो. पण संपादकाला सर्वाधिक वेळा काय निवडावे लागते? एक संपूर्ण शब्द. तेवढ्यासाठी दर वेळी शब्दाच्या आरंभापासून अंतापर्यंत नेमके ओढत जाणे जिकिरीचे. म्हणून शब्दावर दोनदा टिचकी मारली की तो शब्द निवडला जावा, ही कल्पना पुढे आली. तिचे श्रेय मॉट यांना दिले जाते.

येथे एक गंमत. आपल्या भाषेत हा ‘उलटलेला’ क्रम मुळी उलटा नाहीच. ‘पुस्तक उघड’, ‘दिवा लाव’, ‘शब्द खोड’. मराठी वाक्य आधी वस्तूला हात घालते आणि मग क्रिया सांगते. जिप्सीने संगणकाला मराठी वाक्यरचना शिकवली, असे मी वर्गात एकदा म्हटले तेव्हा हशा पिकला. पण मुद्दा विनोदापलीकडचा आहे. नाम आधी सांगायचे ठरले की ते सांगणे ही एक स्वतंत्र कृती होते. टिचकी म्हणजे ‘हे’. फक्त ‘हे’. क्रियापद अजून यायचेच असते. एक टिचकी की दोन, हा पुढचा सारा झगडा या एका प्रश्नाभोवती फिरतो : ‘हे’ म्हणणे आणि ‘उघड’ म्हणणे यांत अंतर ठेवायचे की नाही?

१९८१ साली झेरॉक्सने ‘स्टार’ हा कार्यालयीन संगणक बाजारात आणला. चित्ररूप चिन्हांनी सजलेले ‘डेस्कटॉप’ विक्रीच्या यंत्रावर आले ते येथे. माउसला किती बटणे असावीत आणि कोणत्या बटणाने काय व्हावे, यासाठी स्टारच्या रचनाकारांनी निरनिराळ्या पद्धती तयार करून अनभ्यस्त माणसांवर त्यांच्या चाचण्या घेतल्या. शेवटी दोन बटणे ठरली. मजकुरावर एक टिचकी म्हणजे अक्षर, दोन म्हणजे शब्द, तीन म्हणजे वाक्य, चार म्हणजे परिच्छेद. जिप्सीची युक्ती शिडीसारखी वर चढवली होती.

पण स्टारवर फाइल उघडायला दोनदा टिचकी मारत नसत! चिन्ह एकदा दाबून निवडायचे आणि कळफलकावरील ‘ओपन’ नावाची खास कळ दाबायची. ‘मूव्ह’, ‘कॉपी’, ‘डिलीट’ यांच्यासाठीही अशाच कळा होत्या. एका हाताने नाम, दुसऱ्या हाताने क्रियापद. माझ्या मते ही या इतिहासातील सर्वांत स्वच्छ रचना होती. पण एका यंत्राची किंमत सोळा हजार डॉलरांच्या पुढे, आणि एकटे यंत्र घेऊन भागत नसे. स्टार फारसा खपला नाही.

डिसेंबर १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्स पार्कमध्ये येऊन आल्टोवरील प्रात्यक्षिक पाहून गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयाला महत्त्वाचे ते पुढचे. १९८० साली टेस्लर अ‍ॅपलमध्ये दाखल झाले आणि ‘लिसा’ या संगणकाच्या रचनेत बटणांचा वाद पुन्हा पेटला. तीन बटणे असली की नवखा माणूस पडद्यावरची नजर काढून हाताकडे पाहतो. कोणते बटण कशाचे, हे त्याला आठवावे लागते. बटण एकच असेल तर चुकायला वावच नाही. चाचण्या झाल्या, वाद झाले, आणि एकच बटण कायम झाले.

सोपेपणाची किंमत मात्र चुकवावी लागतेच. बटण एक, खास कळा रद्द. मग ‘उघड’ हे क्रियापद ठेवायचे कोठे? एक मार्ग मेनूचा : चिन्ह निवडा, वर जाऊन ‘ओपन’ निवडा. पण हे काम दिवसातून शंभरदा करायचे. म्हणून त्याच जागी लगेच दुसरी टिचकी मारली की ते चिन्ह उघडेल, असे ठरले. तीन बटणांचा भार एका बटणावर आला, आणि जे वेगवेगळ्या जागी होते ते वेगवेगळ्या वेळी करावे लागले. जागेची जबाबदारी काळाने उचलली.

श्रेयाचा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नेहमीच भुरळ घालतो, म्हणून दोन शब्द. लिसाचे एक प्रमुख रचनाकार बिल अ‍ॅटकिन्सन जून २०२५ मध्ये वारले तेव्हा अनेक श्रद्धांजली-लेखांनी त्यांना दुहेरी टिचकीचे जनक म्हटले. दुसरीकडे मॉट यांचे नाव आहे. मला यात विरोध दिसत नाही. शब्द निवडण्यासाठी दोनदा दाबणे जिप्सीत होते. चिन्ह उघडण्यासाठी दोनदा दाबणे लिसाने रूढ केले. हावभाव तोच, अर्थ निराळा. जुने नाणे नव्या राजवटीच्या ठशासह पुन्हा चलनात यावे, तसे हे झाले. ‘प्रथम कोणी केले’ या प्रश्नाआधी ‘नेमके काय केले’ हे विचारले की असे पुष्कळ वाद निवळतात.

लिसा जानेवारी १९८३ मध्ये ९,९९५ डॉलरांना विक्रीस आला आणि पडला. जानेवारी १९८४ मध्ये २,४९५ डॉलरांचा मॅकिन्टॉश आला, आणि दुहेरी टिचकी घराघरात जाऊ लागली.

आता थोडे यंत्राच्या बाजूने पाहू. दोन टिचक्या आणि एक दुहेरी टिचकी यांतला फरक यंत्राला कसा कळतो? केवळ मधल्या काळावरून, आणि माउस जागचा हलला की नाही यावरून. मॅकिन्टॉश हा काळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजत असे. विंडोजमध्ये मुळात ही मर्यादा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे अर्ध्या सेकंदाची. अर्ध्या सेकंदाच्या आत दोन टिचक्या आल्या आणि कर्सर एका चिमुकल्या चौकटीबाहेर सरकला नाही, तर ती दुहेरी; नाही तर दोन सुट्या.

यातून एक सूक्ष्म अडचण उद्भवते. पहिली टिचकी पडते तेव्हा दुसरी येणार आहे की नाही, हे यंत्राला ठाऊक नसते. म्हणून पहिल्या टिचकीचा परिणाम निरुपद्रवी हवा आणि दुसरीचा परिणाम पहिलीचाच विस्तार असायला हवा. ‘निवड’ आणि त्यापुढे ‘निवडलेले उघड’ : हे जुळते. अ‍ॅपलच्या रचनाविषयक मार्गदर्शिकेत हे तत्त्व स्पष्ट होते. त्याहून महत्त्वाचे असे की दुहेरी टिचकी हा नेहमी केवळ जवळचा रस्ता असावा, कोणत्याही कामाचा एकमेव मार्ग नसावा, असेही तेथे बजावलेले होते.

हा दुसरा नियम व्यवहारात कधी मुरलाच नाही. मेनूतला ‘ओपन’ तेथेच राहिला, पण शिकवताना शिकवली गेली ती दुहेरी टिचकी. आडवाट हमरस्ता झाली.

आणि त्या हमरस्त्यावरून सर्वांना चालता येत नव्हते. वृद्ध माणसे, हाताला कंप असलेली माणसे, संधिवाताने बोटे आखडलेली माणसे यांना अर्ध्या सेकंदात, हात न हलवता, दोनदा दाबणे जड जाते. वाढते वय आणि माउसची कामे यांवर १९९० च्या दशकात जे संशोधन झाले त्यात वृद्धांसाठी दुहेरी टिचकी विशेष अवघड ठरल्याचे दिसते. दुसरी टिचकी उशिरा पडते आणि फाइल उघडण्याऐवजी तिचे नाव बदलायची चौकट पुढे येते. किंवा हात सरकतो आणि फोल्डर भलत्याच फोल्डरात जाऊन पडतो. माणसाला वाटते, आपल्याला संगणक येत नाही. महाराष्ट्रात या शतकाच्या आरंभापासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत लाखो लोकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला. त्यांत निवृत्तीकडे झुकलेले शिक्षक आणि कारकूनही होते. ‘लवकर लवकर दाबा’ ही सूचना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

मॅकिन्टॉश प्रकल्प ज्यांनी १९७९ साली सुरू केला आणि एका बटणाचा आग्रह धरला, त्या जेफ रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या पुस्तकात या अडचणीला ‘डिसक्लिक्शिया’ असे खट्याळ नाव दिले. त्याच पुस्तकात त्यांनी आपल्या जुन्या निर्णयाचा फेरविचारही केला. पुन्हा माउस घडवायचा झाला तर त्यावर ‘निवडा’ आणि ‘चालवा’ अशी नावे छापलेली बटणे ठेवीन, असे त्यांचे म्हणणे. बटणांवर नावे छापायची साधी गोष्ट कोणालाच सुचली नव्हती! स्टारच्या ‘ओपन’ कळेकडे ही जवळजवळ परतीची वाट होती.

विंडोजकडे वळू. मायक्रोसॉफ्टने १९८३ साली विकलेल्या पहिल्या माउसला दोन बटणे होती. म्हणजे ज्या टंचाईमुळे अ‍ॅपलला दुहेरी टिचकी शोधावी लागली ती टंचाई येथे नव्हतीच. उजव्या बटणाला ‘उघड’ हे काम देता आले असते. तसे झाले नाही. विंडोजने दुहेरी टिचकी जशीच्या तशी उचलली आणि उजवे बटण अनेक वर्षे जवळपास बेकार बसून राहिले. मेनू उघडण्याचे काम त्याला सर्वत्र मिळाले ते विंडोज ९५ मध्ये. कारण संपले तरी रूढी उरते, याचे याहून नेटके उदाहरण मला सहसा सापडत नाही.

विंडोज ९५ घडताना मायक्रोसॉफ्टने नवशिक्यांवर विस्तृत चाचण्या घेतल्या. त्यांवरचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही वाचनीय आहे. नवख्यांना दुहेरी टिचकी जमत नाही, आणि ती मारायची असते हे स्वतःहून सुचतही नाही, असे आढळले. उत्तर म्हणून आले ‘स्टार्ट’ बटण. २४ ऑगस्ट १९९५ पासून कार्यक्रम सुरू करायला एक टिचकी पुरू लागली. पण डेस्कटॉपवरील चिन्हे तशीच राहिली. जुने मोडले नाही; शेजारी नवे बांधले. आरंभी म्हटलेली भिंत अशी उभी राहिली.

तोवर तिकडे वेब जन्मले होते, आणि आता या कथेतला मला सर्वांत प्रिय भाग.

१९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत ‘नेक्स्ट’ संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला. त्याचे नाव ‘वर्ल्डवाइडवेब’. त्यात दुवा उघडायला दोनदा टिचकी मारावी लागे! का? कारण तो केवळ वाचायचा ब्राउझर नव्हता. तो संपादकही होता. एक टिचकी मारली की मजकुरात कर्सर उभा राही आणि तुम्ही लिहू लागत असा. त्याच पानावर लिहायचे, दुवे जोडायचे, पुढे जायचे. जिप्सीचाच वारसा : एक टिचकी लिहिण्यासाठी राखलेली.

पण नेक्स्ट संगणक महाग आणि मोजक्यांकडे. इतर यंत्रांसाठी जे ब्राउझर झाले त्यांतले बहुतेक फक्त वाचण्याचे होते. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातून मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांचा ‘मोझॅक’ आला आणि वेबचा प्रसार झाला तो त्याच्यामुळे. मोझॅकमध्ये दुवा एका टिचकीत उघडे. उघडायलाच हवा होता, कारण तेथे कर्सर उभा करण्याचे कारणच उरले नव्हते. लिहायचेच नाही तर ‘हे’ म्हणायचे कशाला? थेट ‘उघड’.

म्हणजे एक टिचकी विजयी झाली ती वाचक आणि लेखक यांची फारकत झाल्यामुळे. सोय वाढली, यात शंका नाही. पण जगातील कोट्यवधी लोक वेबला भेटले ते वाचक म्हणून आणि पुढे ग्राहक म्हणून. लिहिण्यासाठी त्यांना वेगळ्या जागा, वेगळी खाती, वेगळ्या कंपन्यांची दारे शोधावी लागली. हा सगळा दोष टिचकीचा नव्हे. टिचकी हा त्या बदलाचा बोटाखाली जाणवणारा पुरावा.

यानंतर दोन सवयी एकाच हातात राहू लागल्या आणि घोटाळे सुरू झाले. डेस्कटॉपवर शिकलेली माणसे वेबवरील बटणेही दोनदा दाबू लागली. अर्ज दोनदा गेले, मागण्या दोनदा नोंदल्या गेल्या. ‘बटण एकदाच दाबा’ अशी सूचना पैसे भरण्याच्या पानांवर झळकू लागली. ती सूचना म्हणजे १९८३ आणि १९९३ यांच्यातले भांडण आहे.

मायक्रोसॉफ्टने हे भांडण मिटवायचा एक प्रयत्न केला. सप्टेंबर १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची चौथी आवृत्ती आली. तिच्यासोबत डेस्कटॉपचे रूपही बदलता येई : चिन्हांच्या नावाखाली दुव्यासारखी रेघ, नुसता कर्सर नेला की निवड, आणि एका टिचकीत उघडणे. सारा संगणकच जणू एक संकेतस्थळ. काळ पाहा. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. ब्राउझर हा विंडोजचा अविभाज्य भाग आहे की वेगळी वस्तू, हा त्यातला कळीचा मुद्दा. पुढच्याच महिन्यात हे रूप पोटात घेऊन विंडोज ९८ बाजारात आले. त्या रेघ ओढलेल्या चिन्हांकडे मी केवळ सजावट म्हणून पाहू शकत नाही. ब्राउझर आणि संगणक एकच आहेत, हा दावा तेथे टिचकीच्या भाषेत मांडलेला होता.

लोकांनी तो मानला नाही. नुसता कर्सर थबकला की निवड होते, हे हाताला अस्थिर वाटे. दोनदा दाबायची सवय असलेल्यांच्या फाइली दोनदा उघडत. बहुतेकांनी जुनी पद्धतच ठेवली. ‘एका टिचकीत उघडा’ हा पर्याय मात्र विंडोजच्या फोल्डरविषयक सेटिंगमध्ये आजही आहे. जाऊन पाहा.

एक टिचकीचा खरा किल्ला दुसरीकडे होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील मातियास एट्रिख यांनी लिनक्ससारख्या प्रणालींसाठी ‘केडीई’ हा मुक्त डेस्कटॉप सुरू केला. तेथे एका टिचकीत उघडणे हाच मूळ नियम झाला, आणि त्याचा फाइल-व्यवस्थापक ‘कॉन्करर’ हा ब्राउझरही होता. प्रतिस्पर्धी ‘ग्नोम’ दोन टिचक्यांवर राहिला. या दोन पंथांतला वाद पुढची पंचवीस वर्षे धुमसत होता. एक टिचकीवाले म्हणत : निवडण्यापेक्षा उघडणे कितीतरी अधिक वेळा घडते, मग अधिक घडणाऱ्या कामाला अधिक कष्ट का? बोटांनाही आराम. दोन टिचकीवाले म्हणत : मग निवडायचे कसे? चुकून काही उघडले तर? दोघेही बरोबर होते, हीच अडचण. केडीईच्या ‘डॉल्फिन’ने त्यावर एक तोडगा काढला, कर्सर चिन्हावर नेला की कोपऱ्यात छोटे अधिक चिन्ह उगवे, ते दाबले की फाइल न उघडता निवडली जाई.

मधल्या काळात, जून २००७ मध्ये, आयफोन आला. बोटाचा एक स्पर्श आणि दार उघडे. निवडण्यासाठी बोट दाबून धरायचे. तेथेही जागेची जबाबदारी पुन्हा काळावरच आली, फक्त घाईच्या जागी सबुरी आली. अवघी एक पिढी दुहेरी टिचकीशिवाय वाढली. आणि जाता जाता : एप्रिल २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला छोट्या उपकरणांवरील बटण थोडा वेळ, जास्त वेळ किंवा दोनदा दाबून निरनिराळी कामे करून घेण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले होते. बोटाच्या ठोक्यांवर मालकी! तेव्हा त्याची पुष्कळ थट्टा झाली.

स्पर्शाच्या युगात एक टिचकीवाल्यांचा विजय निश्चित वाटावा. घडले उलटे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केडीईची ‘प्लाझ्मा ६’ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिने आपला जुना बाणा सोडून दुहेरी टिचकी हा मूळ नियम केला. एक टिचकी सदोष ठरली म्हणून नव्हे. येणारे बहुतेक लोक विंडोज किंवा मॅकवरून येतात, त्यांच्या हाताला दोनची सवय असते, आणि पहिल्याच दिवशी ते गोंधळतात, म्हणून. ज्यांना हवी त्यांच्यासाठी एक टिचकी सेटिंगमध्ये कायम आहे.

ज्यांना हा इतिहास हाताने अनुभवायचा आहे त्यांच्यासाठी एक जागा सांगून थांबतो. वेबला तीस वर्षे होत आली तेव्हा, २०१९ साली, सर्नने बर्नर्स-ली यांच्या त्या पहिल्या ब्राउझरची प्रतिकृती तयार केली. ती आजच्या कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते. एखादे पान उघडा आणि दुव्यावर एकदाच टिचकी मारा. दुवा उघडणार नाही. तो उघडायला दुसरी टिचकी लागेल.